गिअरचा दांडा आणि आमच्या माळव्याच्या वाटा

प्रतिवर्षी या स्मरणिकेसाठी आम्ही धान्याच्या भावांवर अथवा मंडीच्या नियमांवर चार ओळी लिहितो. यंदा विषय निराळा घेतला आहे, आणि त्यास कारण आमच्या घरातच घडले. दुकानासाठी नवी मोटार घ्यावयाची होती. ती आडवाटेने जाणारी, चारही चाकांना शक्ती पोचविणारी असावी, यावर एकमत होते. परंतु चिरंजीवांचा आग्रह स्वयंचलित गिअरचा आणि आमचा हाताने टाकावयाच्या गिअरचा. दोन महिने हा वाद चालला. त्या निमित्ताने आम्ही जी चौकशी केली, ती सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

हा विषय आमच्या धार-देवासला परका नाही. देवासात गिअरचे दाते कापणारे कारखाने आहेत. गजरा गिअर्सचे नाव येथे लहान मुलासही ठाऊक असते, आणि व्होल्वो-आयशरचाही गिअरचा कारखाना येथे आहे. तिकडे धार जिल्ह्यात पीथमपूरला फोर्स मोटर्सच्या कारखान्यात ‘गुरखा’ नावाची आडवाटेची मोटार तयार होते. ही कंपनी १९५८ साली ‘बजाज टेंपो’ या नावाने निघाली व २००५ मध्ये तिचे नाव बदलले. तिचे संस्थापक नवलमल कुंदनमल फिरोदिया हे तेव्हाच्या अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, आपल्याच समाजातील वकील व स्वातंत्र्यसैनिक. माणसाने माणसास ओढू नये म्हणून ऑटोरिक्षा या देशात रुजविण्यासाठी ते झटले, ही गोष्ट तरुण सभासदांस ठाऊक नसावी म्हणून येथे नमूद करतो.

गुरखा २०२१ साली नव्या रूपात आली, तेव्हा तिच्या डिझेल इंजिनाची शक्ती ९१ अश्वशक्ती होती. २०२४ मध्ये पाच दारांची गाडी निघाली, तेव्हा ती १४० वर गेली. चारचाकी जुळवणीचा जुना दांडाही त्याच वर्षी जाऊन त्या जागी फिरविण्याची कळ आली. इतके बदलले, परंतु पाच गिअर हातानेच टाकावयाचे राहिले. मार्च २०२५ मध्ये भारतीय सैन्याकडून याच जातीच्या २,९७८ गाड्यांची मागणी आल्याचे कंपनीने जाहीर केले. उलट महिंद्राची २०२० ची नवी थार आणि मारुतीची २०२३ ची जिम्नी या दोहोंत ग्राहकास दोन्ही प्रकार मिळाले. शहरात राहून कधीमधी डोंगरात जाणाऱ्यास क्लच नको असतो, हे उघड आहे.

मग हाताच्या गिअरचा हट्ट कशासाठी? आमचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आश्विनात बागलीच्या पलीकडे सोयाबीन पाहण्यास आम्ही जुनी जीप घेऊन गेलो होतो. साठ क्विंटलचा सौदा, माल खळ्यावर उघडा आणि पश्चिमेस आभाळ भरलेले. ताडपत्र्या आमच्याच गाडीत होत्या. माळव्याची काळी माती ओली झाली की चाकास अशी चिकटते की चाक आणि माती वेगळी ओळखू येत नाही. गाडी रुतली, इंजिन बंद पडले आणि बॅटरीने मान टाकली. खेड्यातील पाच-सहा जणांनी गाडी ओढून उताराला लावली. आमच्या ड्रायव्हरने दुसरा गिअर टाकला, गाडीने वेग धरताच क्लच सोडला आणि इंजिन धडधडले. ताडपत्र्या पोचल्या तेव्हा पहिले थेंब पडत होते. प्रचलित स्वयंचलित गाडी अशी ढकलून चालू होत नाही. घाट उतरताना पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीस आवरून धरते व ब्रेक तापत नाहीत, हा दुसरा लाभ. आणि क्लचची प्लेट तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही बदलून देतो.

चिरंजीवांची बाजूही सांगितली पाहिजे. नवी स्वयंचलित यंत्रेही उतारावर खालचा गिअर धरून ठेवतात. चढावर गाडी मागे घसरत नाही. खडकातून मुंगीच्या पावलाने चालविणे नवशिक्यास सोपे जाते. चिखलात एक चाक नुसते गरगरते, त्यास उपाय म्हणजे दोन्ही चाके एकत्र फिरविणारे कुलूप. त्याचा हाताच्या गिअरशी संबंध नाही. हे आम्ही मान्य केले, थोडे उशिरा.

आमच्या दुकानी पूर्वी एक तोलार होता. त्याचा मुलगा देवासच्या एका गिअर कारखान्यात मशीनवर आहे. स्वयंचलित गाड्या वाढल्या तर तुमच्या पोटावर येईल काय, असे आम्ही त्यास विचारले. तो हसला. म्हणाला, “काकासाहेब, त्या पेटीतही दातेच असतात, उलट अधिक. भीती विजेच्या गाडीची. तिला गिअर बदलावाच लागत नाही; दोन-चार चक्रांत काम भागते.” आम्ही इतकी वर्षे दांड्याची चिंता करीत होतो आणि त्याची चिंता पेटीची होती! ज्या गावात शेकडो घरांची चूल दात्यांवर पेटते, तेथील किराणा व धान्याच्या उधारीलाही याचा धक्का लागेल. ज्या सभासदांची दुकाने औद्योगिक वसाहतीच्या वाटेवर आहेत, त्यांनी याचा विचार आजच करावा.

असो. वादाचा निकाल आमच्या डाव्या गुडघ्याने लावला. डॉक्टरांनी क्लच दाबण्यास साफ मनाई केली. इंदूरच्या रस्त्यावरील गर्दीत तासाभरात पाय सुजू लागला होता. घरासाठी स्वयंचलित गाडी आली आहे. दुकानाची जुनी जीप विकलेली नाही. तिचा क्लच नवा बसविला असून, या पावसाळ्यात चिरंजीव ड्रायव्हरच्या शेजारी बसून गिअर टाकण्यास शिकत आहेत. पहिल्या दिवशी बाजार समितीच्या फाटकात त्यांनी तीनदा इंजिन बंद पाडले, आणि मागे उभे असलेले ट्रॅक्टरवाले जे बोलले ते येथे छापण्याजोगे नाही.