हळद आणि पेशींचे नियोजित मरण

भौगोलिक मानांकन लाभलेली वसमतची हळद हा आपल्या हिंगोलीचा अभिमान आहे. तथापि हळदीने कर्करोग बरा होतो, असे कोणी म्हणाल्यास थांबा. पेशीतील डीएनएला गंभीर इजा झाली, की पी-५३ हे प्रथिन ‘बॅक्स’सारखी जनुके कार्यान्वित करते आणि पेशी शांतपणे विरून जाते. सुमारे निम्म्या कर्करोगांत पी-५३चे जनुकच बिघडलेले आढळते. सदोष पेशी मग मरत नाहीत, वाढतच राहतात. काचपात्रातील कर्करोगाच्या पेशी हळदीतील कर्क्युमिन मारते खरे. परंतु पोटातून ते रक्तात अत्यल्प उतरते. आहारात हळद अवश्य असावी. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास तिच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. तोंडातील व्रण ३ आठवड्यांत भरला नाही, तर हळद लावून वाट पाहू नका, तपासून घ्या.