बर्फावरची पहिली पावले : मुलांना स्कीइंग शिकायला पाठवताना

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या आपल्या सहाही तालुक्यांत बर्फ पडत नाही. आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळ्याच्या गाडीवरचा, नाहीतर लग्नातल्या सरबतासाठी आणलेली लादी. तरीही मोबाईलवर गुलमर्गचे व्हिडिओ पाहून अनेक घरांतली मुले-मुली सध्या अम्मी-अब्बूंकडे एकच हट्ट धरून बसतात: आम्हाला स्कीइंग शिकायचे आहे, शिखरावर जायचे आहे.

असा हट्ट ऐकला की पालकांच्या मनात ठरलेले प्रश्न येतात. जिवाला धोका किती? नमाज-रोज्याचे काय? मुलीला पाठवावे का? नुसते "नाही" म्हणून विषय मिटत नाही आणि नुसते "जा" म्हणूनही जबाबदारी संपत नाही. म्हणून या महिन्यात आम्ही हा विषय मुळापासून मांडत आहोत.

स्की टूर म्हणजे काय?

स्कीइंगचे दोन प्रकार लक्षात घ्यावेत. पहिल्यात माणूस रोपवे किंवा लिफ्टने वर जातो आणि लांब, अरुंद पट्ट्यांवर उभा राहून उतारावरून घसरत खाली येतो. दुसरा प्रकार म्हणजे स्की टूर. यात डोंगर स्वतःच्या पायांनी चढायचा असतो. स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. तिचे केस मागच्या बाजूला झुकलेले असल्यामुळे स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. पूर्वी ही पट्टी सील या समुद्री प्राण्याच्या कातड्याची असे. आज ती अंगोरा बकरीच्या केसांची किंवा नायलॉनची असते. चढताना बुटाची टाच मोकळी राहते. वर पोहोचल्यावर पट्टी काढायची, टाच घट्ट अडकवायची आणि खाली यायचे.

युरोपात नवशिक्यांना हिमनदीवरचे शिखर दाखवायचे असेल तर स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या ब्राइटहॉर्नचे नाव हमखास घेतात. त्याची उंची 4,164 मीटर. पण 3,883 मीटरपर्यंत केबल कार जाते, त्यामुळे प्रत्यक्ष चढाई थोडीच उरते. असे असूनही तिथे जाणारे नवशिके वाटाड्या घेतात आणि एकमेकांना दोराने बांधून चालतात, कारण हिमनदीच्या बर्फात खोल भेगा असतात आणि ताज्या बर्फाने त्या झाकल्या जातात. "सोपे" या शब्दाचा डोंगरातला अर्थ एवढाच की वाट सोपी आहे. डोंगर सोपा नसतो.

आपल्यासाठी गुलमर्ग

आपल्या मुलांसाठी जवळची आणि योग्य जागा म्हणजे काश्मीरमधील गुलमर्ग. श्रीनगरपासून सुमारे 50 किलोमीटरवर, 2,650 मीटर उंचीवर हे ठिकाण आहे. तिथे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे. पहलगामला जवाहर गिर्यारोहण व हिवाळी क्रीडा संस्था आहे. अशा सरकारी संस्थांचे प्राथमिक वर्ग साधारण दोन आठवड्यांपर्यंतचे असतात आणि साहित्य तिथेच मिळते. नवशिक्याने नवी स्की किंवा बूट विकत घेण्याची अजिबात गरज नाही.

पहिले तीन-चार दिवस सपाट जागेवर जातात. पडायचे कसे, उठायचे कसे, आडवी पावले टाकत उतार चढायचा कसा, स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवून वेग कसा आवरायचा, हे शिकवतात. थांबता येत नाही तोवर कुणी वर नेत नाही. त्यानंतर जंगलातून खिलनमर्गच्या दिशेने छोटी स्की टूर करता येते. पहिल्या वर्षी एवढे पुष्कळ झाले.

गुलमर्गचा गंडोला दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, तर 2005 साली सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंत, म्हणजे चार हजार मीटरच्या जवळ नेतो. हवा स्वच्छ असेल तर तिथून नंगा पर्वत दिसतो. वर जाऊन, पाहून, गंडोलानेच खाली येणे नवशिक्याला शक्य आहे. तिथून स्कीवर उतरणे मात्र सरावलेल्यांचे काम आहे.

अफरवटवर बारमाही हिमनदी नाही. ती पाहायची तर सोनमर्गजवळची थाजिवास किंवा लिद्दर नदीला पाणी देणारी कोलाहोई. त्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी, तेही प्रशिक्षकासोबतच ठेवाव्यात. आपल्या पैनगंगा, अडाण, काटेपूर्णा केवळ पावसावर जगतात आणि उन्हाळ्यात आटतात. काश्मीरच्या नद्यांना उन्हाळ्यात बर्फ पाणी पुरवतो. मुलांनी हा फरक डोळ्यांनी पाहिला तर भूगोलाचे एक प्रकरण कायमचे लक्षात राहील. कुरआनने पृथ्वीवर फिरून निर्मिती पाहण्याची प्रेरणा दिली आहे, तिचाच हा एक भाग.

उष्ण भागातली मुले कमी नसतात

"आपली उन्हातली मुले थंडीत काय टिकणार?" असे आजी-आजोबा म्हणतील. 2018 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. चंद्रपूरचा उन्हाळा आपल्यापेक्षा कडक! त्या मुलांना टप्प्याटप्प्याने, दीर्घ प्रशिक्षण देण्यात आले होते. तेच त्यांच्या यशाचे गमक आहे.

स्कीइंगमध्येही आदर्श आहेत. गुलमर्गच्या परिसरात वाढलेले आरिफ खान 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचे एकमेव खेळाडू होते. त्यांनी राष्ट्रध्वज हाती धरला आणि जायंट स्लॅलम प्रकारात 45 वे स्थान मिळवले. मनालीच्या आंचल ठाकूर हिने 2018 मध्ये तुर्कस्तानातल्या एर्झुरुम इथे कांस्यपदक जिंकले. आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधले ते भारताचे पहिले पदक होते.

धोका कुठे आहे?

पहिला धोका उंचीचा. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के असतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, झोप न लागणे ही त्याची लक्षणे आहेत. उपाय सोपा आहे: गुलमर्गला पोहोचल्यावर पहिला दिवस आराम, भरपूर पाणी आणि त्रास वाढला तर लगेच खाली उतरणे. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नये.

दुसरा धोका हिमस्खलनाचा. 30 ते 45 अंशांच्या उतारावरचा बर्फ एकाएकी सुटतो. फेब्रुवारी 2010 मध्ये खिलनमर्गला लष्कराचे 17 जवान त्यात गेले. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटवर पोलंडचे दोन स्कीपटू दगावले. हे सगळे अनुभवी लोक होते. बर्फाखाली सापडलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर जगण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने घटते. म्हणून आखलेल्या उताराबाहेर जाणारा प्रत्येक जण संकेत देणारे यंत्र, लांब सळई आणि फावडे जवळ ठेवतो. नवशिक्याने आखलेल्या उताराबाहेर पाऊलच टाकू नये. ही एक अट मुलाकडून कबूल करून घ्यावी. स्वतःच्या हाताने स्वतःला संकटात न लोटणे ही आपल्या दीनचीही शिकवण आहे.

तिसरे म्हणजे ऊन. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परतवतो. ढग असले तरी गॉगल हवाच, नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते.

एप्रिल 2025 च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरचे नाव घेताच आयांचा जीव धास्तावतो, हे स्वाभाविक आहे. त्या दिवशी पर्यटकांना वाचवताना सय्यद आदिल हुसैन शाह या स्थानिक घोडेवाल्याने प्राण दिले, हेही मुलांना सांगावे. निघण्यापूर्वी प्रशासनाच्या ताज्या सूचना पाहाव्यात आणि परिस्थिती ठीक नसेल तर उत्तराखंडमधल्या औलीचा विचार करावा.

नमाज, वुजू आणि रोजा

जानेवारीत गुलमर्गला जोहर साधारण पावणेएकला सुरू होते आणि मगरिब पावणेसहाच्या सुमारास होते. म्हणजे जोहर आणि असर दोन्ही प्रशिक्षणाच्या वेळेत येतात. प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवले तर दहा मिनिटे सहज मिळतात. स्कीचे बूट घोट्यात वाकत नाहीत, त्यामुळे सजदा नीट होत नाही. ते काढून, प्लॅस्टिकच्या अस्तराची पातळ जानमाज अंथरावी.

किब्ल्याची दिशाही बदलते. वाशिममध्ये आपण पश्चिमेपासून किंचित उत्तरेकडे वळतो, तर गुलमर्गमध्ये किंचित दक्षिणेकडे वळावे लागते.

मोज्यांवर मसह करण्याची मुदत मुकीमला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्र आहे. कोणते मोजे आणि बूट चालतात, हे निघण्यापूर्वी आपल्या आलिमसाहेबांकडून समजून घ्यावे. हॉटेलात गरम पाणी मिळत असेल तर केवळ थंडीच्या कंटाळ्याने तयम्मुम करता येत नाही. हनफी मतानुसार एका जागी पंधरा दिवसांहून कमी मुक्कामाचा इरादा असेल तर कसर नमाज आहे. म्हणून वर्गाचे आणि मुक्कामाचे दिवस आधीच मोजून घ्यावेत.

सध्या रमजान फेब्रुवारीच्या आसपास येतो. दहावी-बारावीच्या परीक्षाही त्याच सुमारास असतात. त्यामुळे जानेवारीचा वर्ग सर्वात सोयीचा.

मुलींना पाठवावे का?

पोशाखाची अडचण इथे सर्वात कमी आहे. स्कीइंगचे कपडे सैल आणि अंगभर असतात, डोक्यावर हेल्मेट आणि गळ्याभोवती गरम पट्टा असतो. हेल्मेटखाली घट्ट बसणारा पातळ हिजाब घालावा. ओढणीचे टोक मोकळे सोडू नये, ते लिफ्टमध्ये अडकू शकते. लांबच्या प्रवासात मुलीसोबत महरम असावा, असे बहुतेक आलिम सांगतात. भाऊ-बहीण दोघांनी एकाच वर्गात नाव घालावे किंवा अब्बूंनीही सोबत शिकावे. स्कीइंगला वयाची आडकाठी नाही. राहण्याची सोय वेगळी आहे का आणि महिला प्रशिक्षक आहे का, हे आधी फोनवर विचारावे.

तयारी घरापासून

निघण्यापूर्वी दोन महिने रोज अर्धा तास जिना चढ-उतार करावा, पाठीवर हळूहळू वजन वाढवावे आणि उठाबशा काढाव्यात. स्कीइंगमध्ये सगळा भार मांड्या आणि गुडघ्यांवर येतो. कपड्यांचे तीन थर असावेत: आत घाम शोषणारा, मध्ये लोकरीचा, वर वारा आणि पाणी अडवणारा. आतला थर सुती नको, तो ओला राहून अंग गारठवतो.

प्रवास आता सोपा झाला आहे. जून 2025 मध्ये चिनाबवरचा 359 मीटर उंचीचा पूल सुरू झाल्यापासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे जाते. वाशिमहून अकोला, दिल्ली, कटरा असे टप्पे घेत जाता येते.

बर्फाचा मात्र भरवसा राहिलेला नाही. पुरेसा बर्फ नसल्यामुळे 2025 मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणून पैसे भरण्यापूर्वी वर्ग रद्द झाल्यास रक्कम परत मिळेल का, हे लेखी घ्यावे.

आमचे मत विचाराल तर, मूल सोळा-सतराचे झाले असेल, तब्येत ठणठणीत असेल, सांगितलेले ऐकण्याची सवय असेल आणि घरच्या खर्चाला कर्ज काढावे लागणार नसेल, तर जरूर पाठवावे. यातली एकही गोष्ट कमी असेल तर एक वर्ष थांबावे. अल्लाह आपल्या लेकरांना उंच चढण्याची हिंमत देवो आणि वेळेवर मागे फिरण्याची समजही देवो. आमीन.