टपाली मत: कोणता कागद कुठल्या लिफाफ्यात?

अकोटच्या गुरुजींची निवडणूक ड्यूटी मूर्तिजापुरात लागली, तर लोकसभेला दोन्ही गावं अकोला मतदारसंघातच. ड्यूटीचं प्रमाणपत्र दाखवून ते तिथेच यंत्रावर मत देऊ शकतात. विधानसभेला मतदारसंघ वेगळे, म्हणून टपाली मतपत्रिका.

घोळ होतो तो लिफाफ्यांत. खूण केलेली मतपत्रिका एकटीच लहान लिफाफ्यात (१३-ब). घोषणापत्र (१३-अ) त्यात कोंबू नका. त्यावर तुमची सही, मतपत्रिकेचा अनुक्रमांक आणि अधिकाऱ्याचं साक्षांकन पाहून घ्या. मग ते लहान लिफाफ्यासोबत मोठ्या लिफाफ्यात (१३-क) ठेवा. मोजणीच्या टेबलावर आधी तेच शोधतात. सापडलं नाही, तर आतला लिफाफा न उघडताच मत बाद! दुसऱ्यांचं मतदान पार पाडणाऱ्याचंच मत असं वाया जावं, याची फार हळहळ वाटते.

घरी ८५ वर्षांवरचे आजी-आजोबा असतील आणि त्यांना घरूनच मत द्यायचं असेल, तर नमुना १२-डी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत भरून द्या.