गणनयंत्र आणि कारकुनाचा पगार

नवें यंत्र समाजांत येतें तेव्हां आधीं त्याची वार्ता पोंचते आणि तें यंत्र मागाहून पोंचतें. विद्युत्-गणनयंत्राच्या बाबतींत या दोहोंमध्यें एका पिढीचें अंतर पडलें.

अमेरिकेंत १९४६ सालीं 'एनिअक' हें यंत्र लोकांपुढें आलें. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या व त्याचा खर्च चार लाख डॉलरांच्या वर गेला होता; तो तेथील सैन्यानें सोसला. सामान्य जनांस अशा यंत्राची खरी ओळख झाली ती १९५२ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या रात्रीं. थोड्या मतांवरून 'युनिव्हॅक' यंत्रानें आयसेनहॉवर यांचा मोठा विजय वर्तविला. चित्रवाणीच्या चालकांचा त्यावर विश्वास बसेना. त्यांनीं तो अंदाज प्रथम दाबून ठेवला. अखेर यंत्रच खरें ठरलें. त्याचें नांव घरोघर झालें. परंतु किंमत दहा लाख डॉलरांच्या घरांत असल्यामुळें घरांत शिरलें तें केवळ नांवच.

मुंबईंत असें यंत्र प्रथम विकत न घेतां बांधण्यांत आलें. होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं १९५६ सालीं लहान प्रायोगिक यंत्र व १९६० सालीं पूर्ण यंत्र सिद्ध झालें. त्याची स्मरणशक्ति फेराइटच्या इवल्याशा कड्यांत सांठविलेली होती. कडी एका दिशेनें चुंबकित झाली म्हणजे 'एक', उलट दिशेनें झाली म्हणजे 'शून्य'. प्रत्येकीं ४० कड्यांचे २,०४८ शब्द, म्हणजे एकंदर ८१,९२० कड्या. १९६२ सालीं जवाहरलाल नेहरू यांनीं या यंत्रास 'टिफ्रॅक' हें नांव दिलें.

हें यंत्र विज्ञानाच्या गणितांसाठीं होतें. कचेरीच्या हिशेबांची गोष्ट निराळी. गिरगांवांत खोताच्या वाडीच्या आसपास राहणाऱ्या आणि कोटांतल्या कचेऱ्यांत खातेवह्या लिहिणाऱ्या गृहस्थाचा निर्वाह बिनचूक बेरजेवर चाले. तेंच काम यंत्र करूं लागलें तर?

याचें उत्तर साध्या त्रैराशिकांत आहे. 'आय. बी. एम. १४०१' हें कचेरीचें यंत्र १९५९ सालीं जाहीर झालें, तेव्हां त्याचें भाडें दरमहा २,५०० डॉलरांपासून होतें. त्या वेळच्या दरानें हे सुमारें १२,००० रुपये होतात. अमेरिकन कारकुनाचा पगार ३०० डॉलर धरला, तर तें भाडें आठ कारकुनांच्या पगाराइतकें होतें. येथील पगार २०० रुपये धरला, तर साठ कारकुनांचा पगार त्यांत जातो. तेथें जें काटकसरीचें साधन, तेंच येथें चैनीचें ठरे. म्हणून लाखों नोंदी ठेवणाऱ्या मोठ्या संस्थांनाच तें परवडण्यासारखें होतें.

परंतु जेथें तें परवडे, तेथेंच कारकुनांची संख्याही मोठी असे. १९६० नंतरच्या दशकांत कलकत्त्यास आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनीं गणनयंत्राविरुद्ध लढा दिला, तो यामुळेंच. त्यास अज्ञान म्हणणें अन्यायाचें होईल. हिशेब करणाऱ्यांनीं आपला हिशेब ओळखला होता.

१९८१ सालीं त्याच कंपनीचें टेबलावर ठेवण्याजोगें यंत्र १,५६५ डॉलरांस मिळूं लागलें. एका महिन्याच्या जुन्या भाड्याहून कमी किंमतींत यंत्र कायमचें हातीं आलें, आणि साठ पगारांचें तें जुनें त्रैराशिक उलटलें. यंत्र स्वस्त कीं महाग, हें त्याच्या किंमतीबरोबर मनुष्याच्या श्रमाच्या मोलावरूनही ठरत असतें.