दुसऱ्या दिवसाची दया

शोमरोनी मनुष्याचा दृष्टान्त आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. त्याने जखमी वाटसरूच्या जखमा बांधल्या, हे प्रत्येकाला स्मरते. परंतु दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला पैसे दिले आणि पुढे होणारा खर्चही आपल्या अंगावर घेतला, हा भाग बहुधा विसरला जातो. जखम बांधण्यास घटकाभर पुरते, ती भरून येण्यास मात्र दिवस लागतात. गरीब रुग्णाचे खरे हाल होतात ते त्या दिवसांत.

अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही हे हाल चुकलेले नाहीत. तेथे औषधोपचार फार महाग असून बहुतेक कुटुंबांना आरोग्यविमा नोकरीच्या द्वारे मिळतो. १९६५ साली तेथील सरकारने वृद्धांसाठी व अतिगरिबांसाठी विमायोजना काढल्या, २०१० साली आणखी एक मोठा कायदा केला. तरीही २०२३ साली सुमारे २ कोटी ६० लाख लोक विम्यावाचून होते. हे लोक आळशी नव्हेत. हॉटेलात खोल्या झाडणारी बाई, छपरे शाकारणारा गडी, हंगामापुरता कामावर घेतलेला स्वयंपाकी, अशी कष्टकरी माणसे त्यांत पुष्कळ आहेत. १९८६ च्या कायद्यान्वये, तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला तपासणे व त्याच्या जिवाचा धोका टाळणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे. परंतु रक्तदाबाची रोजची गोळी किंवा मधुमेहाची नियमित तपासणी त्या कायद्यात येत नाही. गोळीवाचून राहिलेला मनुष्य अखेर अर्धांगवायू होऊन त्याच दारी येतो.

दक्षिण कॅरोलिना राज्यातील हिल्टन हेड नावाच्या बेटावर याच दुःखाला वाट सापडली. गोल्फची मैदाने आणि मोठमोठी हॉटेले यांसाठी ते प्रसिद्ध आहे. डॉ. जॅक मॅककॉनेल औषधनिर्मितीच्या व्यवसायातून निवृत्त होऊन तेथे राहावयास गेले. रस्त्याने पायी जाणाऱ्या मजुरांना ते आपल्या मोटारीत घेत व आजारपणात तुम्ही कोठे जाता, अशी विचारपूस करीत. बेटावरील साधारणतः तिघांतील एकाला डॉक्टरची सोय नाही, असे त्यांना आढळून आले. उलट त्याच बेटावर निवृत्त डॉक्टर व परिचारिका विपुल होत्या. एकीकडे गरज, दुसरीकडे रिकामे हात, आणि मध्ये नुसती अनोळख!

डॉ. मॅककॉनेल हे मेथडिस्ट पाळकाचे पुत्र. आज तू दुसऱ्या कोणासाठी काय केलेस, असा प्रश्न वडील जेवणाच्या मेजावर मुलांना रोज विचारीत. त्या प्रश्नाचे बीज वार्धक्यात उगवले. मार्ग मात्र सुगम नव्हता. निवृत्त डॉक्टरांचे परवाने संपलेले होते, शिवाय खटल्याची भीतीही होती. स्वयंसेवक डॉक्टरांसाठी खास परवाना देण्याची तरतूद राज्याकडून करून घ्यावी लागली. १९९४ साली दवाखाना उघडला. तेथे डॉक्टर व परिचारिका तपासणी करतात, इतर स्वयंसेवक नावे नोंदवितात, दूरध्वनी घेतात, परभाषिकांसाठी दुभाषाचे काम करतात. खर्च देणग्यांतून चालतो. येणाऱ्याला तेथे ‘रुग्ण’ न म्हणता मित्र व शेजारी म्हणण्याचा प्रघात पडला, कारण ज्याला दार बंद झाले आहे, त्याची प्रतिष्ठाही औषधाइतकीच दुखावलेली असते. २०१८ साली डॉक्टर निवर्तले. तत्पूर्वीच त्यांच्या दवाखान्याचा कित्ता अमेरिकेतील अनेक गावांनी गिरविला होता.

अशा दवाखान्यांमुळे सरकारची जबाबदारी संपत नाही. मोठी शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचा दीर्घ उपचार त्यांच्या आवाक्याबाहेरचा असतो. परंतु सरकारी सोय पुरी होईपर्यंत शेजाऱ्याने कुढत पडावे काय?

श्रद्धावंतहो, आपल्याकडील स्थिती निराळी असली तरी एक गोष्ट समान आहे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा रुग्णालयातील उपचार मिळतो. मात्र रुग्णालयात दाखल न होता घरी राहून घ्यावयाच्या रोजच्या गोळीचा भार बहुधा घरावरच पडतो. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत मिळत असली, तरी एकट्या म्हातारीला तेथवर नेणार कोण? आपल्या धर्मग्रामात निवृत्त परिचारिका आहेत, फार्मसी शिकलेले तरुण आहेत, सायंकाळी मोकळे असणारे रिक्षावाले आहेत. औषध नोंदणीकृत डॉक्टरांनीच सांगावे. परंतु रक्तदाब मोजणे, तारीख लक्षात ठेवणे, कागदपत्रे भरून देणे, केंद्रापर्यंत सोबत जाणे ही कामे आपणांस करता येतील. एक दिवसाचे शिबिर भरवून छायाचित्र काढणे सोपे आहे. पुढच्या महिन्यात त्याच म्हातारीच्या दारी पुन्हा जाणे कठीण आहे, आणि शोमरोनी मनुष्याने केले ते हेच. येत्या रविवारी मिस्सानंतर आपल्या वाड्यातील अशा एका घराचे नाव प्रत्येकाने मनाशी धरावे, आणि सोमवारी तेथे जावे.