पेल्यांतील दूध

परवां अंधेरीस एका स्नेह्यांकडे आम्ही बसलों होतों. त्यांच्या पांच वर्षांच्या नातवादेखत वाटींतील दूध उंच, अरुंद पेल्यांत ओतलें. "आतां जास्त झालें!" तो ठामपणें म्हणाला. वडिलांनीं त्यास मठ्ठ ठरवून शिकवणीचा बेत काढला.

वस्तुतः हा दोष बुद्धीचा नव्हे, वयाचा. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे (१८९६-१९८०) यांनीं असेच प्रयोग केले. या वयांत मुलाचें लक्ष उंचीवरच खिळतें, रुंदी निसटते. सातव्या वर्षाच्या सुमारास, स्वतः हाताळून, त्यास तें उमगूं लागतें. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं डहाणूजवळ बोर्डीस बालवाडी काढली, तेव्हां शंखशिंपलेच मुलांच्या हातीं दिले.

आम्ही निघालों तेव्हां नातू दूध पेल्यांतून वाटींत, वाटींतून पेल्यांत ओतीत होता. निम्में सांडलें, आजोबांनीं त्यास थांबविलें नाहीं.