लाकडांतील मळसूत्री नळी

लाकडाला लोखंड जोडणें ही सुताराची नित्याची गोष्ट आहे. पण जोडलेलें लोखंड पुनःपुन्हां काढून घालण्याची वेळ आली, म्हणजे त्याच्या कसबाची खरी परीक्षा होते. दाराची बिजागरी, पेटीची कडी, बदलीच्या गांवीं नेण्यासाठीं सोडविलेला पलंग, यांचे स्क्रू पहिल्या खेपेस घट्ट बसतात, दुसऱ्या खेपेस बेताचे बसतात आणि तिसऱ्या खेपेस नुसतेच फिरत राहतात. मग भोंकांत आगकाडी कोंबून वेळ मारून नेली जाते. ही आगकाडी कां लागते?

लाकूड तंतूंचें बनलेलें असतें. स्क्रू आंत शिरतांना आपल्या धारदार आट्यांनीं हे तंतु कापून व दाबून स्वतःची वाट पाडतो. तो काढून पुन्हां घातला, तर आटे जुन्याच वाटेनें जातील असें नाहीं. नवी वाट पडते आणि मधल्या तंतूंचा भुगा होतो. शिवाय पावसाळ्यांत लाकूड फुगतें, खानदेशच्या कडक उन्हाळ्यांत आकसतें, आणि उरलीसुरली पकडहि ढिली होते. येथें दोष स्क्रूचा नसतो. झिजण्याचें काम लाकडाकडे सोंपविलें, हा दोष असतो.

उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस तापी यांच्यामधल्या यावल तालुक्यांत बैलगाडीच्या चाकांत या अडचणीचा तोड पाहावयास मिळे. चाकाचा तुंबा लाकडाचा आणि त्यांतून जाणारा आंस लोखंडाचा. आंस थेट लाकडांत फिरूं दिला, तर भोंक मोठें होऊन चाक लटपटूं लागेल. म्हणून तुंब्यांत लोखंडी नळी ठोकून बसवीत. झिजणें नळीच्या वांट्यास येई. लाकडानें तिला फक्त धरून ठेवावयाचें. नळी झिजली तर बदलतां येते. तुंबा फाटला तर सबंध चाक गेलें. पाण्यांत बुडण्याइतकें जड असें सातपुड्यांतील अंजनाचें लाकूड घेतलें, तरी हा नियम चुकत नाहीं.

हाच प्रश्न बर्फावरील एका खेळांत अधिक बिकट होतो, कारण तेथें माणसाचे हातपाय पणास लागलेले असतात. स्की म्हणजे बर्फावरून घसरत जाण्यासाठीं पायांस जोडावयाच्या लांब, अरुंद पट्ट्या. काश्मिरांत गुलमर्ग येथें १९४८ सालीं सैन्याची स्की-शाळा निघाली. उत्तराखंडांत औली येथेंहि हा खेळ चालतो. स्कीचा गाभा बहुधा लाकडाचा असून त्यावर कांचतंतूंचे थर असतात. पायांतील बूट स्कीला धरून ठेवणारा जो बंध, तो सुमारें ५.५ मिलिमीटर जाडीच्या स्क्रूंनीं जेमतेम ९ मिलिमीटर खोल बसवितात. खेळाडू पडला असतां बंधानें बूट सोडून दिला पाहिजे, नाहीं तर नडगी मोडते. पण नुसत्या धक्क्यानें तो मुळासकट उपटून येतां कामा नये.

असे बंध महाग असतात. एकच बंध दोन-तीन स्कींवर आळीपाळीनें लावणें, किंवा चढणीसाठीं टांच मोकळी सोडणारा बंध लावून उताराला दुसरा वापरणें सोयीचें पडतें. परंतु दर वेळीं नवीं भोंकें पाडलीं, तर स्कीची चाळण होईल आणि आंत पाणी शिरून गाभा कुजेल.

यावर तोड म्हणजे आंतून व बाहेरून आटे असलेली पोलादी नळी. प्रथम नेहमींपेक्षां मोठें भोंक पाडतात. गिरमिट तळ फोडून बाहेर जाऊं नये म्हणून त्यावर अडण लावतात. भोंकांत टॅपनें आटे पाडून, एपॉक्सी हें चिकटद्रव्य लावून, नळी पिळून बसवितात. तिचें तोंड पृष्ठभागाच्या वर राहतां कामा नये. राहिल्यास बंध स्कीवर नीट टेंकत नाहीं. चिकटद्रव्य पुरतें वाळल्यावर नळीच्या आंतल्या आट्यांत ५ मिलिमीटरचा बोल्ट बसतो. तो आंखूड पडला तर थोडेच आटे धरतो; लांब झाला तर भोंकाच्या तळाला टेंकून बंध ढिलाच राहतो.

आतां बोल्ट कितीहि वेळां काढला-घातला, तरी पोलादावर पोलाद फिरतें. लाकडाचे तंतु जागचे हालत नाहींत. बाहेरचा व्यास मोठा असल्यामुळें नळी अधिक लाकूड पकडते, आणि चिकटद्रव्य पाण्याची वाट बंद करतें. तथापि कुजलेल्या गाभ्याला ही नळी संजीवनी देत नाहीं, आणि जुन्या भोंकाला अगदीं लागून ती बसवितां येत नाहीं.

घरांतल्या लांकूडसामानासाठीं पितळेच्या अशाच नळ्या मिळतात. वर्षानुवर्षें न हालणाऱ्या बिजागरीला साधा स्क्रू पुरे. पण दर बदलीला सुटणाऱ्या पलंगाला त्या बसवावयाच्या असल्या, तर लाकूड नवें व निकोप असतांनाच बसवाव्या. आगकाडीची पाळी आल्यावर पकडण्याजोगें लाकूड फारसें उरत नाहीं.